ग्यानोबारावांचा शब्द आणि मोतीबाईचं बक्षीसपत्र

२४ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी लिहायचं ठरवलं आहे. कारण येणेप्रमाणे.

काल मुंबईत सत्ताधारी पक्षाच्या आमदारांनी ग्यानोबारावांना विधानसभेतला आपला नवा नेता म्हणून निवडलं. अर्थखातंही त्यांच्याकडेच जाणार, असं टीव्हीवर सांगितलं. पुढेमागे कुणी विचारलं की जमिनीच्या कागदांवरचं मुद्रांक शुल्क कमी कसं झालं आणि त्यात सेनगावच्या चाँद पाशाचा काय हात होता, तर लेखी पुरावा असावा. चौतीस वर्षं मी तहसीलसमोर पत्र्याखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज, खरेदीखतं, बक्षीसपत्रं लिहीत आलो. कागद नसला की माणसाचं काय होतं, ते रोज बघतो.

घरात आम्ही दखनी बोलतो, पण माझा हात मराठीतच चालतो. म्हणून घरचं बोलणंही इथे मराठीतच उतरवीन.

ग्यानोबारावांचा आणि माझा संबंध जुना आहे. सव्वीस वर्षांपूर्वी ते साधे कार्यकर्ते होते. विजेच्या जळालेल्या डीपीसाठी मोर्चा घेऊन सेनगावला आले होते. निवेदन मी लिहिलं. ते वाचून म्हणाले, "पाशाभाई, अक्षर लई सुंदर आहे तुमचं." हे मी कुणाला सांगत फिरत नाही. आज अकरा जणांना सांगावं लागलं, कारण विषयच निघाला.

माझी लेक अफशीन बी.कॉम. झाली आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसून ती दस्तांची माहिती कॉम्प्युटरवर भरते, कारण आता सगळी रजिस्ट्री ऑनलाइन झाली. अकरा जणांनंतर तिला बारावी म्हणून सांगायला गेलो, तर म्हणाली, "अब्बा, मला हे पहिलीपासून पाठ आहे."

२६ नोव्हेंबर

ग्यानोबारावांची मुलाखत लागली. ते म्हणाले, "सर्वांवरचा कराचा बोजा हलका करणं ही माझी पहिली जबाबदारी."

मी हॉटेलात उभा होतो. हातातला चहा तसाच राहिला.

बोजा. हा शब्द आमच्या धंद्यातला आहे. सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो, बोजा उतरतो. पेट्रोलचा कर कमी करायचा असता तर साहेब 'भाव' म्हणाले असते. दारूचा असता तर काहीच बोलले नसते. बोजा म्हणजे जमीन, जमीन म्हणजे रजिस्ट्री, आणि रजिस्ट्री म्हणजे मुद्रांक शुल्क. आठ तारखेपासून नागपूरला हिवाळी अधिवेशन आहे. घोषणा तिथेच होणार.

घरी येऊन इशरतला, म्हणजे माझ्या बायकोला, हे नीट समजावून सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "अजी, शुल्क कमी करणार असं त्यांनी म्हणलं का?"

मी म्हणालो, "राजकारणातली माणसं सगळं उघड बोलत नसतात."

ती म्हणाली, "तेच म्हणते मी," आणि मेथी घेऊन आत गेली. तिला पटलं असावं.

२८ नोव्हेंबर

दोन दिवसांत एकोणीस जणांना थांबवलं. भुसार दुकानवाले देविदास शेठ प्लॉटचं खरेदीखत करायला आले होते. मी सांगितलं, "शेठ, आज कागद कराल तर डिसेंबरअखेर हात चोळत बसाल. शुल्क उतरणार आहे." त्यांनी काढलेले कागद परत पिशवीत सारले. मग म्हणाले, "तुमी म्हणता तर थांबतो." असंच सगळे म्हणाले. चौतीस वर्षांत लोकांचा एवढा विश्वास मिळवला, हे काही थोडं नाही. थांबलेल्यांची यादी मी वहीच्या मागच्या पानावर ठेवली आहे, म्हणजे घोषणा झाली की एकेकाला बोलावता येईल.

अफशीनने विचारलं, "अब्बा, किती टक्के कमी होईल?"

"ते अजून जाहीर झालेलं नाही."

"आन् झालंच न्हाई तर?"

"अफशीन, तू कॉम्प्युटरवाली. तुला फक्त जाहीर झालेलंच दिसतं."

ती परत कॉम्प्युटरकडे वळली. तिचं ज्ञान यंत्राचं आहे. माणसं ओळखायला वय लागतं.

१ डिसेंबर

आज बंजारा तांड्यावरून मोतीबाई आल्या. सोबत तांड्याचा नाईक वसराम आणि त्यांची भाची संगिता होती. मोतीबाईंना लेकरूबाळ नाही. नवऱ्याच्या मागं नावावर झालेली दोन एकर जमीन आणि एक विहीर आहे. संगिता त्यांच्या बहिणीची लेक. दहा वर्षांपासून त्यांच्याजवळ राहून शेत करते, त्यांचं दुखलंखुपलं बघते. मोतीबाईंना जमीन तिच्या नावाने बक्षीसपत्र करून द्यायची आहे. त्या गेल्यावर जमीन नवऱ्याच्या पुतण्याकडे, ओमप्रकाशकडे जाईल, ही त्यांना धास्ती आहे.

मी त्यांना नीट समजावलं. सख्ख्या लेकीला दिली असती तर शुल्क नावापुरतं लागलं असतं. भाचीला देताना पूर्ण लागतं. म्हणून थांबणं हाच शहाणपणा.

मोतीबाई म्हणाल्या, "मी थांबते, पाशाभाई. पण हा खोकला थांबतो का, ते त्याला इचारा."

अफशीन तिकडून म्हणाली, "अब्बा, थांबायचंच असेल तर तोवर मृत्युपत्र तरी करून ठेवू. त्याला मुद्रांक लागत न्हाई."

मुद्दा बराबर होता. मला सुचला नव्हता, हे इथे लिहून ठेवतो, कारण रोजनिशीत खोटं लिहून उपयोग नाही. पण मोतीबाईंनीच मान हलवली. "मेल्यावर देऊन काय करू? माझ्या डोळ्यानं तिच्या नावचा सातबारा बघायचाय मला."

मी म्हणालो, "बाई, तीन आठवडे. ग्यानोबारावांना मी ओळखतो."

वसराम म्हणाला, "व्हय, ठाऊक आहे." मग तो, अफशीन आणि संगिता झेरॉक्सच्या दुकानाकडे गेले. बराच वेळ लागला त्यांना. मशीन बिघडलं असेल.

३ डिसेंबर

ओमप्रकाश आला होता. पोरगं वाईट नाही, पण नजर जमिनीवर. विचारलं, "पाशाचाचा, काकूनं काही कागद केला का?"

मी सांगितलं, "काही केला नाही. शुल्क कमी व्हायची वाट बघून राहिल्या."

त्याचा जीव खाली बसला. मला चहा पाजला. म्हणाला, "तुमी खोटं बोलत न्हाई, म्हणून तुमालाच इचारतो. मला वाटलं आत्ताच हरकतीचा अर्ज टाकून ठेवावा, गावात चार माणसं बसवावी. पण तुमी म्हणता तर कशाला."

मी म्हणालो, "अजून कशाला."

तो रोज विचारायला येणार म्हणाला. या म्हणालो. चहा चांगला होता.

५ डिसेंबर

यादी छत्तीसवर गेली. सेनगाव तालुक्यात कुणी रजिस्ट्री करत नसेल असं वाटलं होतं, पण ऑफिसात गर्दी आहे. शिपाई म्हणाला, "पाशाभाई, असा डिसेंबर आमी बघितला न्हाई." तालुक्याच्या त्या टोकाची, गोरेगावकडची माणसं असतील. त्यांच्यापर्यंत माझा निरोप पोचला नाही.

अफशीनच्या प्रिंटरचे कागद संपले. दोन दिवसांत दोन गठ्ठे. विचारलं तर म्हणाली, "प्रिंटर कागद खाऊन राहिला." जुनं यंत्र आहे.

मी दिवसभर रिकामा होतो. सगळ्यांना थांबवल्यावर हे होणारच. मात्र हात रिकामा राहू नये म्हणून ग्यानोबारावांना द्यायचं निवेदन लिहायला घेतलं.

९ डिसेंबर

निवेदन पूर्ण. चौदा पानं. निजामाच्या काळातल्या स्टॅम्पपासून सुरुवात करून शंभराचा बॉन्ड बंद होऊन पाचशेचा झाला, तिथपर्यंत आणून सोडलं आहे. 'सबब' हा शब्द एकवीस वेळा आला. इशरतला वाचून दाखवलं. सातव्या पानावर ती झोपली, पण तिला दिवसभर काम होतं.

पोस्टाने पाठवणार होतो. अफशीन म्हणाली, "अब्बा, एवढं मोठं काम पोस्टानं? तुमी स्वतः नागपूरला जा. साहेब तुमाला ओळखतात."

इशरत म्हणाली, "जाच तुमी. मुक्काम करून या. घाई करू नका."

"टेबल कोण सांभाळील?"

दोघी एकदम म्हणाल्या, "आमी बघतो."

लेक आणि बायको आपल्या कामाची किंमत ओळखतात, हे सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं. वसरामला कळलं तर तोही तयार झाला. म्हणाला, "तुमी एकले कुठं जाता. माझा साडू आहे नागपूरला."

११ डिसेंबर, नागपूर

पहाटेच्या एसटीने निघून दुपारी पोचलो. साहेबांच्या बंगल्याबाहेर तीनशे माणसं. प्रत्येकाच्या हातात निवेदन. एक पीए निवेदनं घेऊन एका पोत्यात टाकत होता. माझी चौदा पानं त्याने हातात तोलून बघितली आणि म्हणाला, "यात काय आहे?" मी म्हणालो, "मुद्रांक शुल्क." त्याने ती पोत्यात टाकली. अलगद टाकली, असं मला वाटलं. वसरामला तसं वाटलं नाही.

चार वाजता साहेब बाहेर आले. अंगाने सुटलेत, केस काळे केलेत. गर्दी पुढे सरकली, तशी मीही सरकलो आणि मोठ्याने म्हणालो, "साहेब, चाँद पाशा, सेनगाव. मुद्रांक शुल्काचं बघा."

साहेब थांबले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "अरे वा, मास्तर. शाळेचं अनुदान आलं का?"

मी काही बोलायच्या आत म्हणाले, "करून टाकू, करून टाकू," आणि गाडीत बसले.

मी गाडीमागे चार पावलं चालत गेलो. मग लक्षात आलं. चारही बाजूंनी पत्रकार होते. अशा ठिकाणी साहेब 'मुद्रांक शुल्क' हा शब्द तोंडातून काढतील कसे? शाळा म्हणजे रजिस्ट्री ऑफिस, अनुदान म्हणजे सवलत. आणि 'करून टाकू' दोनदा म्हणाले.

वसरामला हे सांगितलं. तो म्हणाला, "असंल." इतक्यात त्याला फोन आला. तांड्याच्या बोलीत काहीतरी बोलला, हसला, आणि समोरच्या दुकानातून संत्रा बर्फीचा डबा घेतला.

"कुणासाठी?"

"याडीसाठी," तो म्हणाला. मोतीबाईंना तो आई म्हणतो.

"काहून?"

"सहजच."

१२ डिसेंबर

परत आलो. नागपूरपासून वाशीमपर्यंत वसराम बर्फीचा डबा मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होता. वाशीमला म्हणाला, "पाशाभाई, तुमी माणूस चांगले आहात." मी म्हणालो, त्यात काय.

टेबलाभोवती सुतळी आणि पेढ्यांच्या कागदी पुड्या पडल्या होत्या. अफशीन थकलेली दिसली. घसा बसला होता. माझ्या गैरहजेरीत कोणकोण आलं असं विचारलं, तर म्हणाली, "येऊन जाऊन होते."

सगळ्यांना सांगितलं की साहेबांनी शब्द दिला आहे. देविदास शेठनी मला मिठी मारली. डोळे पुसत होते. की हसत होते, ते त्यांच्या खांद्यामुळे दिसलं नाही.

१५ डिसेंबर

मोतीबाई बाजारात भेटल्या. चेहऱ्यावर तेज. त्यांच्या अंगठ्याच्या नखात शाईचा डाग होता. विचारलं तर म्हणाल्या, "रेशनला गेले व्हते." रेशनला हल्ली मशीनवर अंगठा ठेवतात, शाई लागत नाही, असं मनात आलं. पण कधी कधी मशीन बंदही असतं.

त्यांना म्हणालो, "बाई, चार-पाच दिवस कळ काढा."

म्हणाल्या, "काढते की. मला आता काही घाई न्हाई."

दोन आठवड्यांपूर्वी ही बाई खोकल्याची धमकी देत होती. माणसाला आशा दिली की तब्येतही सुधारते.

ओमप्रकाशलाही सांगितलं की काकू अजून थांबलेल्याच आहेत. तो रोजच्यासारखा चहा पाजून गेला.

१९ डिसेंबर

काय लिहावं कळत नाही.

दुपारी हॉटेलात टीव्ही लावून बसलो होतो. वीस-पंचवीस माणसं होती. ग्यानोबाराव उभे राहिले. म्हणाले, तिजोरीवरचा बोजा हलका करण्यासाठी मुद्रांक शुल्कात एक टक्का वाढ करण्यात येत आहे. उद्यापासून लागू.

बोजा तिजोरीवरचा होता.

हॉटेलातली माणसं आपापल्या चहाच्या कपात बघू लागली. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. हॉटेलवाल्याने टीव्हीचा आवाज बंद केला. मी उठून घरी आलो. मागच्या पानावरची यादी मोजली. त्रेचाळीस नावं. त्यात मोतीबाईंचं विसावं.

२० डिसेंबर

घराबाहेर पडलो नाही. अफशीनने दोनदा दार वाजवून "अब्बा, तुमच्याशी बोलायचंय" म्हणलं. मी म्हणालो, उद्या. बापाने लेकीला काय तोंड दाखवायचं? तिने मला आधीच विचारलं होतं, झालंच न्हाई तर? मी तिला काय उत्तर दिलं, ते याच वहीत लिहिलेलं आहे. आज ते पान वाचलं. मोठ्या समाधानाने लिहिलं होतं.

इशरतने खिचडी केली. म्हणाली, "खाऊन घ्या. लोक काय तुमाला खाणार न्हाईत."

मी म्हणालो, खायलाच पाहिजे त्यांनी.

२१ डिसेंबर

ठरवलं की यादीतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन माफी मागायची. चुकलो तर तोंडावर कबूल करायचं.

आधी देविदास शेठ. ते त्यांच्या नव्या प्लॉटवर होते. तिथे चुन्याच्या रेघा मारलेल्या, पायाचा खड्डा खणलेला, विटा उतरलेल्या. रजिस्ट्री झाली नसताना पाया खणायची हिंमत बघून मला जास्तच वाईट वाटलं. हात जोडून म्हणालो, "शेठ, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं."

शेठ विटांकडे बघत म्हणाले, "असू द्या पाशाभाई. निघंल काहीतरी वाट."

केवढं मोठं मन.

मग यादीतल्या पेमाकडे गेलो. त्याला शेत विकत घ्यायचं होतं. मला दारात बघून त्याच्या बायकोने खाटेवरचा कागद उचलून उशीखाली सारला आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. आतून आवाज आला. मला वाटलं, रडते आहे. पेमाने मला पाणी दिलं आणि माझ्याआधी त्यानेच माफी मागितली. कशाबद्दल, ते विचारायचं राहिलं.

दिवसभरात चौदा घरं झाली. एकानेही एक वाकडा शब्द काढला नाही. चार ठिकाणी जेवायला बसवलं. संध्याकाळी घरी येऊन इशरतला म्हणालो, "या तालुक्यात माणसं नाहीत, फरिश्ते राहतात." ती पाटा धूत होती. तिचे खांदे हलत होते.

२२ डिसेंबर

आज तांड्यावर गेलो. सगळ्यात अवघड घर म्हणून मागे ठेवलं होतं.

मोतीबाई अंगणात ऊन खात बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसलो. म्हणालो, "बाई, मी तुमाला थांबवलं. माझी चूक. वाढीव शुल्काचं काय करायचं ते मी बघतो. माझं स्वतःचं..."

त्या म्हणाल्या, "पाशाभाई, उठा. कपडे मळले."

मी उठलो नाही.

"अवो, माझं कवाच झालं. तुमी नागपूरला गेले त्याच दिवशी. तुमच्या लेकीनं केलं."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतून दस्त आणला. खरा. नोंदणी क्रमांक, शिक्का, फोटो, सगळं. तारीख अकरा डिसेंबर.

"आन् बाकीचे?"

"ते मी कशाला सांगू. पण माझ्यामागं सोळा जणांची रांग व्हती. तुमच्या बायकोनं सगळ्यांना चहा पाठवला."

मोटरसायकल कशी चालवली आठवत नाही. आधी राग आला, मग लाज वाटली, आणि सेनगाव यायच्या आत खूप भूक लागली.

घरी अफशीन आणि इशरत दोघी होत्या. मी चपला न काढताच दारात उभा राहिलो. अफशीन म्हणाली, "मोतीबाईंनी सांगितलं ना? मी परवापासून सांगायला दार वाजवून राहिले."

"त्रेचाळीसपैकी किती?"

"एक्केचाळीस. दोघांचा सौदाच मोडला."

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"ऑफिसच्या शिपायालाबी."

"मग माझ्यासमोर सगळे थांबतो थांबतो काहून म्हणत होते?"

अफशीन म्हणाली, "अब्बा, ज्यांचे अर्ज तुमी तीस वर्षं लिहिले, ती माणसं तुमाला तोंडावर न्हाई कशी म्हणतील? तुमच्याकडे हो म्हणायचे आन् तुमी नमाजला गेले की माझ्याकडे यायचे."

मी खाली बसलो. म्हणालो, "पण तू तरी सांगायचं. मी एवढा परका?"

तिचा आवाज बदलला. "देविदास शेठचं सांगितलं असतं तर चाललं असतं. मोतीबाईंचं कसं सांगणार? ओमप्रकाश रोज तुमाला विचारायचा. तुमाला ठाऊक असतं तर तुमी त्याला काय सांगितलं असतं?"

मी विचार केला. खोटं बोलून बघितलं, मनातल्या मनात. जमलं नाही.

"खरं सांगितलं असतं."

"म्हणून," ती म्हणाली. "त्यानं तुमच्यावर भरोसा ठेवला, म्हणून तो गप्प बसला. न्हाई तर हरकत घेऊन, चार माणसं घालून त्या बाईला दमवलं असतं त्यानं. दस्त मी केला अब्बा, पण तो बिनतक्रार झाला तुमच्यामुळे. तुमी मनापासून चुकत होते ना."

इशरतने ताट वाढलं. वांग्याची भाजी होती. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. यात अपमान किती आणि मान किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. पण एक गोष्ट लिहून ठेवतो. चौतीस वर्षांत एका दिवसात सतरा दस्त मी कधीच केले नव्हते.

२५ डिसेंबर

आज नाताळची सुट्टी. मोतीबाईंचा निरोप होता: "कागद झाला, पण कुणी वाचला न्हाई. मशीननं गुर्र केलं आन् बाहेर आला. पाशाभाईंनी तांड्यावर येऊन सगळ्यांसमोर वाचून दाखवावा. मग मला वाटंल, दिली म्हणून." दोन-चार दिवसांत फेरफाराची नोटीस निघेल आणि ओमप्रकाशला कळेलच. त्याने ते नोटिशीतून वाचण्यापेक्षा माणसांच्या तोंडून ऐकावं, असंही त्यांना वाटत होतं.

इस्त्रीचे कपडे घातले. अफशीनला मागे बसवून गेलो.

अंगणात साठ-सत्तर माणसं होती. ओमप्रकाशही होता, पुढेच. त्याला कशासाठी बोलावलं हे माहीत नव्हतं. मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो. 'कारणे बक्षीसपत्र लिहून देते ऐसे की.' मसुदा माझ्याच पद्धतीचा होता, लेकीने उचललेला. पण मध्ये चार ओळी तिच्या स्वतःच्या होत्या: संगिताने दहा वर्षं लिहून देणारीचं दुखणं काढलं, तिच्या वाट्याचं ऊन आपल्या अंगावर घेतलं, सबब ही जमीन उपकार म्हणून नव्हे तर हक्क म्हणून देत आहे. एवढ्या वर्षांत असं वाक्य मी लिहिलेलं नाही. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती. वाचताना दुरुस्त करून वाचली.

संगिता खाली बघत होती. मोतीबाई मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या, प्रत्येकाला ऐकू गेलं का म्हणून.

ओमप्रकाश उभा राहिला. लाल झाला होता. मला म्हणाला, "चाचा, काकूनं काही केलं न्हाई, असं तुमी रोज सांगत व्हते."

मी म्हणालो, "मला रोज तेवढंच ठाऊक होतं."

कुणीतरी हसलं, मग सगळेच. ओमप्रकाश हसला नाही. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. वसराम त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

मोतीबाई म्हणाल्या, "ओम्या, पूरं तर ऐक. पाशाभाई, पुढचं वाचा."

पुढचं मी आधी बघितलं नव्हतं. वाचलं. विहिरीच्या पाण्यावर ओमप्रकाशच्या शेताचा अर्धा हक्क कायम राहील, तो संगिताने किंवा तिच्या वारसांनी मोडू नये. ओमप्रकाशची सगळी तूर त्या पाण्यावर आहे. आजवर त्याला ते पाणी तोंडी मिळत होतं, कुणाच्या तरी मर्जीवर. आता लेखी मिळालं.

तो उभाच राहिला. मग म्हणाला, "हे परत वाचा." मी परत वाचलं. तो खाली बसला. चिडलेलाच होता, पण बसला. संगिताने त्याला चहा नेऊन दिला आणि थोड्या वेळाने त्याने तो प्यायलाही.

निघताना तो मोटरसायकलपर्यंत आला. बराच वेळ आरसा पुसत उभा राहिला. मग म्हणाला, "चाचा, हिंगोलीला बायकोच्या नावानं एक प्लॉट घ्यायचं चाललंय. मार्चच्या बजेटमध्ये ग्यानोबाराव ही वाढ मागं घेणार म्हणतात. तुमी त्यांना ओळखता. थांबू का घेऊ?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. चांगलं लांबलचक उत्तर होतं. मागे अफशीन बसली होती. ती ओढणी सावरत होती.

"उद्या ऑफिस उघडल्यावर ये," मी म्हणालो. "माझी लेक सांगंल. कागद तयार झाला की वाचून मी दाखवीन."